मागील रांगेत, डावीकडून तिसरे

दिवाळी महिन्यावर आली की आमच्या घरी दोन प्रकारची माणसे यायला लागतात. पहिल्या प्रकारची आमच्या सौभाग्यवतींकडे येतात आणि चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारतात. दुसऱ्या प्रकारची माझ्याकडे येतात. ती खुर्चीच्या कडेवर बसतात, चहा नको म्हणतात, मग घेतात, आणि कप खाली ठेवता ठेवता हळूच म्हणतात, "काका, यंदा बोनस बरा मिळतोय. कॅमेरा कोणता घेऊ?"

भाजणी विचारणारी मंडळी भाग्यवान. त्यांना वाटीच्या मापाने उत्तर मिळते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी गेली आठ-नऊ वर्षे एकच उत्तर देत आलो आहे, आणि ते अद्याप कोणालाही आवडलेले नाही.

"जुना घ्या."

समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. बिचारा एखाद्या नव्या कोऱ्या मॉडेलचे नाव तोंडपाठ करून आलेला असतो. त्यात किती कोटी ठिपके आहेत, ते त्याला आपल्या मुलाच्या परीक्षेतल्या गुणांहून अधिक पक्के ठाऊक असते. मी त्याला भिंतीवरचा फोटो दाखवतो. सहा बाय चारच्या आकारातली आमची मुलगी, सज्जात उभी, केस वाऱ्यावर. तो फोटो मी २००५ साली घेतलेल्या, साबणाच्या वडीएवढ्या कॅमेऱ्याने काढला. त्यात अवघे चाळीस लाख ठिपके होते. सहा बाय चारचा उत्तम फोटो छापायला अठराशे गुणिले बाराशे ठिपके पुरतात. गुणाकार केलात तर ते बावीस लाखांच्या आत भरतात. उरलेले ठिपके कोठे जातात? ते दुकानदाराच्या बंगल्याच्या पायात जातात, असे मी म्हणतो. हा विनोद दरवर्षीचा आहे, आणि सौभाग्यवती त्या वेळी नेमक्या आत निघून जातात.

"पण काका, मग मोबाइल काय वाईट?" असे हल्ली तरुण मंडळी विचारतात. अजिबात वाईट नाही. स्वच्छ उजेडात तो असे फोटो काढतो की आम्ही हातातली पिशवी लपवावी. फक्त सगळे निर्णय तो स्वतः घेतो. ज्याला फोटो हवा आहे त्याने खुशाल मोबाइल वापरावा. ज्याला फोटो काढायचा आहे, त्याची गोष्ट वेगळी.

माझा सध्याचा कॅमेरा मी २०१६ साली, निवृत्तीनंतर वर्षभराने, मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात घेतला. निकॉनचा डी-३२००. हे मॉडेल २०१२ सालचे. म्हणजे चार वर्षांत ते बाजाराच्या दृष्टीने आजोबा झाले होते. आम्ही दोघे आजोबा एकमेकांना पाहताक्षणीच आवडलो. दुकानदार गप्पिष्ट होता. म्हणाला, "साहेब, लग्नाच्या आधी कॅमेरा विकत घेतात आणि लग्नानंतर सहा महिन्यांत माझ्याकडे आणून विकतात. त्यामुळे माल अगदी नवा असतो." कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उडाले याची नोंद त्याने काढलेल्या फोटोच्या पोटातच लपलेली असते, एक फोटो काढायचा आणि संगणकावर पाहायचे. आकडा नऊ हजारांच्या आत निघाला. या जातीच्या शटरचे आयुष्य लाखभर उड्यांचे धरतात, म्हणजे मधुचंद्रापलीकडे त्याला काही श्रम पडले नव्हते.

जुना कॅमेरा घेताना लेन्सवर टोपी चढवून एक फोटो काढावा. तो काळाकुट्ट यायला हवा. चांदण्या दिसल्या तर सोडून द्यावा. आणि लेन्स घेताना खिशात विजेरी असावीच असावी. मागच्या बाजूने उजेड टाकून पुढून पाहायचे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, आणि ती काचेवरचा लेपच खाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा रोग फार. हौसेने आणलेला चामड्याचा डबा म्हणजे तर बुरशीचे माहेर. मी माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या निळ्या खड्यांसोबत ठेवतो. खडे ओलावा पिऊन गुलाबी झाले की मंद आचेवर तापवायचे, पुन्हा निळे होतात. हा डबा मूळचा शेवेचा होता. त्यावरून आमच्या घरात जे झाले ते इथे सांगण्याचे कारण नाही.

सांगण्यासारखी आहे ती माझी फजिती. त्याच दिवशी, त्याच गल्लीत, दुसऱ्या एका दुकानात मला पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स दिसली. एक पूर्णांक आठ, म्हणजे तोंड चांगले मोठे, कमी उजेडातही काम करणारी. विजेरी मारली, आत स्वच्छ. भाव सुरू झाला चार हजारांपासून आणि मी तो अडीच हजारांवर आणला. पुण्याच्या माणसाने मुंबईत जाऊन दीड हजार वाचवले! परतीच्या गाडीत मी ती लेन्स तीनदा पिशवीतून काढून पाहिली.

घरी येऊन कॅमेऱ्याला लावली आणि बटण दाबले. काही हालचाल नाही. पुन्हा दाबले. लेन्स जागची हलेना. रात्री अकरा वाजता माहितीपुस्तिका उघडली, तेव्हा समजले की या जुन्या पद्धतीच्या लेन्सला फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या अंगात असावी लागते, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या अंगात ती नाही. नव्या लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच पोटात असते. पुस्तिकेत हे सगळे स्वच्छ छापलेले होते. मी ती आधी वाचली नव्हती, एवढेच.

"भाव केलात?" सौभाग्यवतींनी अंथरुणातूनच विचारले.

"केला की. दीड हजार कमी केले."

"मग काहीतरी राहिलंच असणार," त्या म्हणाल्या आणि कूस बदलली.

लेन्स परत करायला मुंबईला जाणे म्हणजे पुन्हा गाडीभाडे, आणि वर दुकानदारासमोर नाचक्की. तेव्हा मी हाताने फोकस करायला शिकलो. लेन्सची कडी हळूहळू फिरवायची. नेत्रकाचेच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका उजळतो, तो स्थिर झाला की फोकस जुळला. पहिले चार-पाचशे फोटो हुकले. मग जमू लागले, आणि माझ्यात एक खोड शिरली. हललेला, धूसर फोटो मला डोळ्यांसमोर नको झाला. नातीने नाचताना हात उडवला आणि तो पुसट आला की मी फोटो रद्द करी. "जरा स्थिर उभे राहा हो!" हे वाक्य मी इतके वापरले की एका मुंजीत बटूनेच मला ते ऐकवले.

त्या लेन्सने मी सगळ्यांत जास्त फोटो काढले ते आईचे. एक तर ती घरात सर्वांत कमी हलणारी व्यक्ती. त्या वेळी ती चौऱ्यांशी वर्षांची होती आणि सकाळचा वेळ मागच्या खोलीतल्या उत्तरेच्या खिडकीशी बसून काढी. उत्तरेच्या खिडकीचा उजेड म्हणजे गरिबाचा स्टुडिओ. ऊन थेट येत नाही, सगळीकडून मऊ पसरते. माणसाला खिडकीकडे थोडे तिरके बसवायचे आणि अंधाऱ्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा करायचा, की त्या गालावरही उजेड परततो. थर्माकोल नवा घेऊ नये. आमचा फ्रिजच्या खोक्यातून निघालेला आहे.

"माझा कशाला काढतोस?" आई दर वेळी म्हणे. "कोण बघणार आहे?"

या तिच्या प्रश्नाला एक मागचा संदर्भ होता. तो माझ्याही मनात असे आणि तिच्याही. आम्ही दोघेही तो बोलून दाखवत नसू.

तिकडे वळण्यापूर्वी दिवाळीच्या फोटोंचे सांगून टाकतो, कारण अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पणत्या तोंडावर आल्या असतील. फ्लॅश बंद करा. पणतीवर फ्लॅश मारणे म्हणजे गवयासमोर बँड लावणे. कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि हात मागे घ्या. रंगाचा समतोल उन्हाच्या खुणेवर असू द्या, नाहीतर कॅमेरा पणतीचा पिवळेपणा धुऊन काढतो आणि लक्ष्मीपूजन कचेरीत झाल्यासारखे दिसते. आकाशकंदिलाचा फोटो पुरत्या अंधारात काढू नये. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटे आभाळ गडद निळे असते; तेवढीच वेळ साधायची. रांगोळी काढणारीचा फोटो समोरून, पण पूर्ण झालेल्या रांगोळीचा फोटो स्टुलावर चढून बरोबर वरून. स्टूल कोणीतरी धरावे. शोभेची दारू असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर, संवेदनशीलता शंभरवर, छिद्र आठ ते अकरा, आणि शटर तीन-चार सेकंद उघडे. फोकस आधीच लांबच्या एखाद्या दिव्यावर हाताने करून ठेवायचा.

आणि आता पैसे वाचवू नयेत अशी एक जागा. ती म्हणजे मेमरी कार्ड. २०१४ साली आमच्या नातीचे बारसे झाले. त्याच्या आदल्या आठवड्यात मी फुटपाथवर चौसष्ट जीबीचे कार्ड भलत्याच स्वस्तात घेतले होते. समारंभाचे जवळजवळ पाचशे फोटो काढले. घरी पाहतो तो पाळण्याची सजावट आहे, घुगऱ्यांचे ताट आहे, व्याह्यांचे आगमन आहे. आत्याबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितले तिथपासून पुढे सगळ्या फोटोंच्या जागी करड्या पट्ट्या. कार्ड नकली होते. वर लिहिलेली जागा आत नव्हतीच. अशी कार्डे खरी जागा भरेपर्यंत इमानदार राहतात आणि पुढचे सगळे गिळतात. कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. नवे कार्ड आणले की ते एकदा काठोकाठ भरून परत वाचून पाहावे. हे मला नंतर कळले. मुलीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. ती बोलली असती तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक फोटोच्या तीन प्रती ठेवू लागलो. एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी, दुसऱ्या डिस्कवर, मुलीकडे ठाण्याला. तिसरी प्रत दुसऱ्या गावात हवी. घरात दहा प्रती ठेवल्या आणि घरच गेले तर?

घर गेलेले मी पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. आम्ही नारायण पेठेत नदीकडच्या अंगाला एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही म्हणजे आई आणि मी. मी सहा वर्षांचा होतो. वडील त्याच्या तीन वर्षे आधी विषमज्वराने गेले होते. आईने मला उचलले, शिवणाच्या डब्यातले पैसे घेतले आणि उंचावरच्या एका ओळखीच्या बिऱ्हाडी नेले. पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो, तेव्हा खोलीत माझ्या कमरेइतका चिखल होता. त्या चिखलातून आईने वडिलांच्या फोटोची चौकट काढली. दोघांचा लग्नातला फोटो. तो एकच होता. वडिलांना सख्खे असे कोणी नव्हते, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर तो असण्याचा प्रश्नच नव्हता. चौकट शाबूत होती. काचही शाबूत होती. काचेच्या मागे नुसता चिखल होता.

आईने ती चौकट धुऊन पुसून ठेवली. पुढे तिच्यात गजाननाचे चित्र बसवले. ते अजून आमच्याकडे आहे.

म्हणजे असे, की मी माझ्या वडिलांचा चेहरा पाहिलेला नाही. पाहिला असणार, आठवत नाही. लहानपणी आईला विचारले तर ती म्हणे, "चारचौघांसारखे होते." पुढे मी विचारायचे सोडले.

२०१७ च्या मार्गशीर्षात एका लग्नाला साताऱ्याला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांशी बोलता बोलता निघाले की त्यांचे वडील पन्नास-पंचावन्नच्या सुमारास पुण्याला एका छापखान्यात कंपोझिटर होते. माझे वडील त्याच छापखान्यात मुद्रितशोधक होते. गृहस्थांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "अहो, मग तुमच्या वडिलांचा फोटो आहे की आमच्याकडे. व्यवस्थापकांच्या निरोपसमारंभाचा ग्रुप, छप्पन सालचा. मागील रांगेत, डावीकडून तिसरे. आमचे वडील नेहमी बोट ठेवून सांगायचे."

ताटावरून उठून तडक त्यांच्याकडे जावे असे वाटले. पण मठ्ठा यायचा होता, आणि वरपक्षाचा अपमान करणे बरे नव्हे.

तो फोटो दहा बाय बारा इंचांचा होता. खालच्या पुठ्ठ्यावर नावे छापलेली असावीत. ती जागा वाळवीने खाल्लेली. चौतीस माणसे. चेहरा म्हणजे सहा मिलिमीटर, तुरीच्या डाळीएवढा. डोळ्यांना टोपी, मिशी आणि गांभीर्य यापलीकडे काही दिसेना. पण मला एक गोष्ट ठाऊक होती. तो फोटो तेवढ्याच मोठ्या काचेवरून जसाच्या तसा कागदावर उमटवलेला होता, वाढवलेला नव्हता. अशा फोटोत आपल्या डोळ्यांना दिसते त्याच्या कितीतरी पट तपशील दडलेला असतो. फक्त तो बाहेर काढता आला पाहिजे.

गृहस्थांनी फोटो पुण्याला न्यायची परवानगी दिली नाही, आणि ते बरोबरच होते. मी आठ दिवसांनी सामान घेऊन परत गेलो.

जुन्या फोटोचा फोटो काढायचा तर तो चौकटीतून काढावा, पण काचेला चिकटला असेल तर ओढू नये. कागद काचेवरच राहतो. हा सुदैवाने सुटा होता. मी तो त्यांच्या पडवीत एका पाटाला टेकवून उभा केला. ढगाळ सकाळ होती, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड येत होता. दिवे लावायचे असते तर दोन बाजूंना पंचेचाळीस अंशांत लावले असते. कॅमेरा फोटोला अगदी समांतर हवा, नाहीतर एका बाजूचे लोक फोकसमधून बाहेर पडतात. त्याला एक सोपी युक्ती आहे. फोटोवर एक लहान आरसा सपाट धरायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचे. आरशात आपल्याच लेन्सचा डोळा बरोबर मध्यभागी दिसला की कॅमेरा काटकोनात आला. चकाकी येऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या मागे यजमानीणबाईंनी काळी छत्री उघडून धरली. त्या जवळजवळ दोन तास उभ्या होत्या.

आणि इथे माझी ती फसलेली लेन्स कामाला आली. अगदी जवळून फोटो काढायला खास लेन्स मिळते, पण ती महाग. स्वस्त उपाय म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये पोकळ कड्या घालायच्या. त्यांत काचबीच काही नसते, काही शे रुपयांत तीन मिळतात. मात्र त्या कड्यांमुळे लेन्सचा कॅमेऱ्याशी संबंध तुटतो, आणि छिद्र लहानमोठे करण्याची कडी लेन्सवरच नसेल तर पंचाईत होते. नव्या, मोटरवाल्या लेन्सवर ती कडी काढून टाकलेली असते. माझ्या जुनीवर होती. मी छिद्र आठवर ठेवले, उजेडाचे माप अंदाजाने धरले, टायमर लावला आणि मुलांना पडवीत न धावण्याबद्दल एकेक चॉकलेट दिले.

आधी सबंध फोटो घेतला. मग सराव म्हणून रांगेने तुकडे घेतले, आठ-आठ सेंटिमीटरचे. शेवटी तिन्ही कड्या चढवून डावीकडून तिसरे.

रात्री पुण्याला येऊन ते संगणकावर उघडले. सहा मिलिमीटरचा चेहरा पडदाभर झाला. टोपीची शिवण दिसत होती. डाव्या भुवईत एक खाच होती. ओठ किंचित विलग झालेले, जणू बोलायच्या बेतात. मी किती वेळ बसलो होतो मला माहीत नाही. सौभाग्यवती मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या फक्त एवढेच म्हणाल्या, "नाक तुमचं नाही हं. ते सासूबाईंचंच."

मी फोटो दहा बाय बारात छापून आणला. चौकट करवली, या खेपेला भाव केला नाही. त्याच आठवड्यात, सवयीप्रमाणे, संगणकातले त्या दिवसाचे निरुपयोगी तुकडे पुसून टाकले: अंधारे आलेले, कोपऱ्याचे, हललेले.

आईला तिच्या खिडकीत बसवले, चष्मा पुसून दिला आणि चौकट मांडीवर ठेवली. कॅमेरा मी जवळ आणला होता. खोटे कशाला बोलू, तिचा तो क्षण मला पकडायचा होता. हिरवा ठिपका स्थिर झाला होता.

आईने फोटो पाहिला. मग मान वर केली.

"हे कोण रे?"

मी कॅमेरा खाली घेतला.

"आई, बाबा."

"छे. हे फोरमन. आपले दोन पाट त्यांच्याकडेच राहिले होते, मंगळागौरीला नेलेले. परत दिले नाहीत कधी." तिने चौकट बाजूला ठेवली. "सगळा फोटो आहे का?"

सबंध फोटोची लहान प्रत होती. ती दिली. तिने भिंग मागितले. चौतीस माणसांवरून तिचे बोट सावकाश फिरत गेले. एकदा मागे आले. मग मागील रांगेच्या उजव्या टोकाला थांबले.

"हे."

त्या टोकाला एक मनुष्य हाताची घडी घालून उभा होता. त्याला चेहरा नव्हता. म्हणजे होता, पण फोटो काढतेवेळी त्याने मान वळवली होती. त्या काळचे फोटोग्राफर लेन्सवरची टोपी काढून मनात अंक मोजत. तेवढ्यात जो हलला तो पुसला गेला. कानाच्या जागी गाल, गालाच्या जागी धूर.

"यात काही दिसत नाही, आई. कशावरून?"

"उभे राहण्यावरून," ती म्हणाली. "आणि हललेत ना? एका जागी स्थिर म्हणून राहिले नाहीत कधी. लग्नाच्या फोटोच्या वेळी फोटोग्राफर ओरडला होता. कोणी हाक मारली असेल, म्हणून बघितलं असेल तिकडे." ती थोडी हसली. तिला असे हसताना मी पाहिले नव्हते. मी फोटो काढला नाही. खरे म्हणजे सुचलेच नाही.

तो तुकडा मी पुसून टाकलेल्यांत होता. घरच्या डिस्कवरूनही गेला होता, कारण दोन्ही मी एकदमच साफ करतो. मी ठाण्याला फोन केला. साताऱ्याहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलगी आली होती आणि तिची डिस्क भरून घेऊन गेली होती. तिने शोधून पाठवला. बारा नंबरचा तुकडा.

चेहऱ्यातून काहीही निघाले नाही. मी सगळे उपाय केले. जे मूळ कागदावरच नाही ते कोणती लेन्स देणार? पण मान हलली तरी घडी घातलेले हात हलले नव्हते. ते स्वच्छ आले होते. बोटे लांब, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, पेन टेकते त्या जागी, एक काळा डाग. आईने भिंगातून तो बराच वेळ पाहिला. मग पदराने भिंग पुसले आणि पुन्हा पाहिला.

"लिंबू लावून सुद्धा जायची नाही शाई," ती म्हणाली.

साताऱ्याच्या गृहस्थांना मी कळवले. त्यांना पटले नाही. त्यांचे वडील बोट ठेवून सांगत असत, आणि आईचे वय पंच्याऐंशी. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. २०१९ साली आई गेली. तिचे उत्तरेच्या खिडकीतले तीनशेच्या वर फोटो माझ्याकडे आहेत, तीन प्रतींत, सगळे लखलखीत फोकसमधले.

बारा नंबरचा तुकडा मी छापून दिवाणखान्यात लावला आहे, मुलीच्या फोटोशेजारी. कॅमेऱ्याबद्दल विचारायला येणारी मंडळी त्याच्यासमोरच बसतात. चहा पिता पिता त्यांची नजर तिकडे जाते. बहुतेक भिडेने गप्प राहतात. परवा आलेला तरुण मात्र मोकळा होता. वाकून नीट पाहून म्हणाला, "काका, हा हललाय."

"हो," मी म्हटले. "बरं, तुझं बजेट किती आहे?"